‘आनंद आणि ममता’ हा नव्या वर्षाचा संकल्प: कार्डावर नेमकं काय लिहावं?

अनुग्रह
सर्वांना सलाम. ३१ तारखेच्या रात्रीच्या उपासनेत आमचा तरुण संघ आनंद आणि ममता हा वर्षाचा संकल्प करणार आहे. प्रत्येकाला एक कार्ड देणार आहोत. पण ‘मी आनंदी राहीन, सर्वांशी प्रेमाने वागेन’ एवढंच लिहिलं, तर संक्रांतीपर्यंत ते कार्ड बायबलमध्ये खूण म्हणून पडून राहील. रोज करता येईल असं काय लिहावं?

दवबिंदू
बायबलमधलं गलतीकरांस पत्र ५:२२ पुन्हा वाचा. आनंद आणि ममता तिथे आत्म्याचं फळ म्हणून येतात. फळ हुकमाने धरत नाही, म्हणून ‘आनंदी राहीन’ हा संकल्प मोडतोच. पाणी घालणं मात्र आपल्या हाती असतं. कार्डावर वेळ लिहा: रात्री जेवणानंतर पाच मिनिटं, वहीत तीन ओळी, आज काय मिळालं ते. ‘देवा, सगळ्यासाठी आभार’ ही ओळ धरायची नाही. ‘नळाला पाणी लवकर आलं म्हणून शेजारच्या काकूंनी दार वाजवून उठवलं’ ही धरायची. ओळीत माणूस दिसला की दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी काय करावं तेही सुचतं.

जानेवारीत सोबत फिलिप्पैकरांस पत्र घ्या. चार अध्याय आहेत, आठवड्याला एक. त्यातलं ‘सर्वदा आनंद करा’ हे प्रेषित पौलाने कैदेत असताना लिहिलंय, हे मुलांना आधी सांगा. नाहीतर आनंद म्हणजे मौजमजा असंच त्यांना वाटेल.

सायली_नगर
ममतेच्या ओळीतलं ‘सर्वांशी’ खोडा आणि महिन्याला एकच नाव घाला. आपली आवडती बारा माणसं सहज सापडतात, पण लूक ६:३२ आडवं येतं: जे आपल्यावर प्रेम करतात त्यांच्यावरच प्रेम केलं तर त्यात विशेष काय? दोन-तीन नावं तरी बोलणं तुटलेल्यांची असू द्या.

आजारी माणसाच्या घरी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नये. मागणं जड जातं, कोणी सांगत नाही. ‘मंगळवारी सातला डबा आणते, तिखट चालेल ना?’ असं विचारलं की त्यांना फक्त हो म्हणायचं उरतं. आणि डबा स्टीलचा नको. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, मग त्या घरावर परतफेडीचा भार पडतो. परत द्यावा लागणार नाही अशा डब्यातून न्या. ग्रुपवर फोटो टाकू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय ६:३ त्यासाठीच आहे.

जुना_कॉयर
एक काळजी घ्या, अनुग्रह. ज्यांच्या घरात यंदा मृत्यू झाला तेही त्या रात्री बाकावर बसलेले असतील. त्यांना ‘आनंद करा’ हे वचन सल्ल्यासारखं ऐकवू नका. रोमकरांस १२:१५ शोक करणाऱ्यांबरोबर शोक करायलाही सांगतं. काही कार्डं कोरी ठेवा.

अनुग्रह
कोरी कार्डं नक्की ठेवतो. आणि मध्येच आठ-दहा दिवस चुकले तर?

दवबिंदू
चुकलेल्या तारखा भरायला बसू नका, वही तिथेच बंद पडते. त्या रात्रीच्या तीन ओळी लिहा आणि पुढे चला. विलापगीत ३:२३ प्रमाणे देवाची दया रोज सकाळी नवी असते. शिवाय ईस्टरच्या ४६ दिवस आधी भस्म बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, येतो. त्या दिवशी सगळ्यांना कार्डं बाहेर काढायला लावा, आणि जे नाव सारखं पुढे ढकललं गेलंय ते आधी घ्या.