मदत हवी आहे : ऐंशी किलोमीटरनंतर सीटवर बसवत नाही

साळावली
नमस्कार. दोन आठवड्यांनी दोनशे आहे आणि माझे अजून शंभरही धडपणे पूर्ण झालेले नाहीत. दम, पाय, पाठ यांची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती बसण्याची. गेल्या तीन रविवारी मडगावहून गोव्याच्या दक्षिण सीमेवरच्या पोळेपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रयत्न झाला, आणि तिन्ही वेळा परतीच्या वाटेवर करमल घाट लागण्याच्या आधीच जांघेत असे काचू लागले की घाट उतरून बाळ्ळीला थांबावे लागले आणि घरून गाडी बोलवावी लागली. शेवटच्या वेळी अंघोळीचे पाणी लागल्याबरोबर डोळ्यांतून पाणी आले. रुपयाच्या नाण्याएवढी कातडी सोलवटली होती. आवश्यक ते कपडे आहेत, क्रीम लावून झाले, सीटही बरी आहे. 'सवय होईल' हे उत्तर कृपया नको, ते दुकानात ऐकून झाले आहे. हा त्रास होऊन ज्यांचा खरोखर थांबला आहे, त्यांनी नेमके काय केले ते सांगावे. वेळ कमी आहे.

पिवळा मडगार्ड
भाऊ, माझ्या वडिलांनी पणजीत पस्तीस वर्षे मोटरसायकल पायलट म्हणून, म्हणजे मोटरसायकलवर भाड्याने माणसे पोचवण्याचे, काम केले, त्यामुळे दिवसभर सीटवर बसणे म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. रेक्झिनची सीट उन्हात तापते आणि घामाला जायला वाट राहत नाही. त्यावर जाड जाळीचे कव्हर घातले की खालून हवा खेळते. जीन्स मुळीच घालू नका, तिची जाड शिवण नेमकी जांघेत येते. सैल सुती पँट घाला. दर तासाने उतरून पाच मिनिटे चाला. तुमची गाडी कोणती आहे, ते कळले तर सीटचा फोम बदलून घेण्याबद्दलही सांगता येईल.

दोनशे-तीनशे-चारशे
मला वाटते, प्रश्न सायकलचा आहे. 'दोनशे' म्हणजे दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे असणार, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राईड, जी साडेतेरा तासांत पूर्ण करावी लागते. तसे असेल तर सुती पँटचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. सुती कापड घाम शोषून घेते आणि तो धरून ठेवते, आणि ओले कापड कोरड्या कापडापेक्षा कातडीवर कितीतरी जास्त घासते. मोटरसायकलवर मांडी स्थिर असते. सायकलवर ती मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा खालीवर होते, म्हणजे तासाला चार हजारांहून अधिक वेळा. त्यामुळे दोन्हींची औषधे वेगळी आहेत.

मूळ लेखकाला माझे प्रश्न असे आहेत. पॅडची चड्डी आहे का, आणि ती किती जुनी आहे? तिच्या आत काही घालता का? जखम नेमकी कुठे आहे: बैठकीच्या हाडांखाली, मधल्या मऊ भागात, की मांडीच्या आतल्या बाजूला? एका बाजूला आहे की दोन्ही? हे कळल्याशिवाय जो उपाय सांगेल, तो अंदाजानेच सांगेल.

कुळागर
एवढ्या चौकशीची गरज नाही. आमच्याकडे भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचे भिरंडेल घरीच काढतात; तळकोकणात त्यालाच मुठेल म्हणतात, कारण ते मुठीत दाबून गोळे करून ठेवतात. भेगाळलेल्या टाचांना, फुटलेल्या ओठांना आणि शेतात काम करून सोललेल्या हातांना आमच्या आजीने दुसरे काही लावल्याचे मला आठवत नाही. किसून वाटीत घ्यावे, मंद आचेवर पातळ करावे आणि राईडच्या आधी जांघेत चोळावे. अंगाच्या उबेने ते हळूहळू वितळते आणि कातडीवर थर धरून राहते. मी सावईवेऱ्याहून फोंड्याला रोज सायकलने जातो आणि मला कधीही काचलेले नाही.

साळावली
होय, सायकलच. ते उघड आहे असे मी धरून चालले होते, त्याबद्दल क्षमस्व. दुसरे, मी स्त्री आहे, त्यामुळे 'भाऊ' नको. पॅडची चड्डी आहे, गेल्या वर्षी घेतलेली, चांगल्या प्रतीची. भिरंडेल माझ्या सासूबाईंकडेही आहे. ते लावून पाहीन, पण रोजचे पंधरा-वीस किलोमीटर आणि सलग सहा-सात तास यांत फरक आहे. आणखी कोणाचा अनुभव?

शुक्रवारचा बाजार
ताई, जेलचे सीट कव्हर घ्या. मला म्हापशात चारशे रुपयांत मिळाले. अंगठा दाबला तर आत जातो इतके मऊ आहे. बसल्यावर पहिल्या दिवसापासून फरक पडतो.

खाजन
वरचा सल्ला सद्भावनेने दिलेला असला तरी मला तो पटत नाही. मऊ कव्हर पहिल्या अर्ध्या तासापुरते सुखाचे असते. बैठकीची हाडे त्यात रुततात आणि मधला जेल वर येऊन ज्या नाजूक भागावर भार मुळीच यायला नको, तिथेच दाबतो. शिवाय ते कव्हर सीटवर सरकते, म्हणजे घासायला आणखी एक थर वाढला. भार हाडांनी पेलायचा असतो, आणि त्यासाठी सीट टणक पण योग्य रुंदीचीच हवी.

माझा स्वतःचा अनुभव चामड्याच्या सीटचा आहे. ब्रूक्सच्या कारखान्याच्या धर्तीची ताणलेल्या चामड्याची सीट पहिले काही शे किलोमीटर दगडासारखी वाटते, आणि मग हळूहळू तुमच्या हाडांच्या जागी दोन खळगे पडतात व ती तुमचीच होऊन जाते. आठ वर्षे मला एकही फोड आलेला नाही. खर्चाची तयारी असेल तर दुसरे काही शोधू नये.

दोनशे-तीनशे-चारशे
चामड्याची सीट उत्तम असते हे मान्य, परंतु ब्रेव्हे दोन आठवड्यांवर आली असताना जिला अंगवळणी पडायला काही शे किलोमीटर लागतात अशी सीट सुचवणे बरोबर नाही. त्यातून गोव्याच्या पावसात ती भिजली की ताण सुटून झोळीसारखी लोंबते, आणि जूनपासून पडवीत ठेवली तर बुरशी धरते. माझी स्वतःची अशीच वाया गेली.

खाजन
काळजी घेतली नाही तर कोणतीही वस्तू वाया जाते. पावसाळ्यात मी सीटवर प्लास्टिकची टोपी घालतो आणि वर्षातून दोनदा खालच्या बाजूने मेण लावतो. परंतु वेळेचा मुद्दा मी मान्य करतो; दोन आठवड्यांत ती बसणार नाही.

आबोली
मी परिचारिका आहे. इथे बसून निदान करणे योग्य नव्हे, तरीही सीटच्या चर्चेत जखम मागे पडते आहे, म्हणून लिहिते. ताई, आग होते की खाज सुटते? चट्ट्याची कड उंचावलेली, गोलाकार आणि बाहेर पसरत जाणारी आहे का? तसे असेल तर ते काचणे नसून गजकर्ण असू शकते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः ऑक्टोबरच्या उकाड्यात, जांघेत ते फार लवकर होते. अशा वेळी औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणू नका. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, माणूस निश्चिंत होतो आणि आतून बुरशी वाढत राहते. मग मूळ दुखण्याला महिने लागतात. असे रुग्ण मी दर आठवड्याला पाहते आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते.

कातडी नुसती सोलवटलेली असेल तर कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडी करा, रात्री सैल सुती कपडे घाला, आणि लहान मुलांच्या लंगोटाच्या पुरळाला लावतात ते झिंक ऑक्साइडचे मलम लावा. सुती कपडे इथे चालतात, सायकलवर चालत नाहीत. खपली धरेपर्यंत सीटवर बसू नका. टाल्कम पावडर टाळा, घामात तिचा चिखल होतो. ब्रेव्हेच्या आधी त्या भागावर वस्तरा फिरवू नका. कापलेल्या केसांच्या मुळाशी फोड येतात आणि फोडावर सहा तास बसणे म्हणजे काय होईल, ते मी सांगायला नको. गाठ येऊन ठणकू लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधल्या भागात बधिरपणा येत असेल तर तो सहन करू नका, कारण तिथली नस दाबली जात असते.

साळावली
आबोलीताई, मनापासून आभार. खाज नाही, केवळ आग आहे, आणि कड उंचावलेली नाही. बधिरपणा नाही. पेट्रोलियम जेली लावत होते ती बंद करू का?

आबोली
कातडीला तिचा अपाय नाही. पॅडला आहे, ती धुऊन निघत नाही, आणि पॅड तेलकट राहिला की घाम शोषत नाही. भिरंडेलालाही हेच लागू होते. पाण्याने धुऊन निघणारे सायकलचे क्रीम वापरा. चड्डी उलटी करून, साबणाचा अंश राहणार नाही इतकी धुवा आणि आतली बाजू वर करून उन्हात वाळवा.

कुळागर
उन्हात वाळवण्याशी मी सहमत आहे. भिरंडेलाचा डाग गरम पाण्याने निघतो, हा मात्र माझा अनुभव आहे.

दोनशे-तीनशे-चारशे
ताई, माझ्या काही प्रश्नांची उत्तरे अजून आलेली नाहीत, आणि माझा सगळा संशय तिथेच आहे. आत काय घालता, आणि कोणती बाजू?

साळावली
आत नेहमीचे अंतर्वस्त्र असते. ते नसावे असे कोणी सांगितले नव्हते. आणि जखम फक्त उजव्या बाजूला आहे, मांडी आणि बैठक जिथे मिळते तिथे. अंतर्वस्त्राचे इलॅस्टिक साधारण तिथेच येते. डावीकडे काहीही नाही. हे महत्त्वाचे असेल असे वाटले नाही.

दोनशे-तीनशे-चारशे
हे फार महत्त्वाचे आहे. पॅडची चड्डी थेट अंगावर घालण्यासाठी असते. पॅडला त्या जागी मुद्दाम शिवण ठेवलेली नसते, आणि तुम्ही आत इलॅस्टिक घालून तीच शिवण परत आणली. ते आजच बंद करा.

एवढ्याने अर्धेच उत्तर मिळते, कारण इलॅस्टिक दोन्ही बाजूंना आहे आणि जखम एकाच बाजूला. एका बाजूलाच काचते तेव्हा पहिला संशय सीटच्या उंचीवर घ्यावा. सीट वाजवीपेक्षा उंच असली की पाय पेडलच्या तळापर्यंत पोचत नाही, म्हणून कंबर प्रत्येक फेऱ्यात खाली कलते, आणि बहुतेकांची ती नेहमी एकाच बाजूला कलते. मग त्या बाजूची कातडी दर फेऱ्याला सीटच्या कडेवर ओढली जाते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या मापाला ०.८८३ ने गुणा. जो आकडा येईल, तेवढे अंतर पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून, म्हणजे जिथे ते सायकलला जोडलेले आहेत तिथून, सीटच्या माथ्यापर्यंत साधारणपणे असावे. आकड्यांवर विश्वास नसेल तर सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल तळाला असताना पाय सरळ व्हावा आणि कंबर हलू नये.

आणि ही सीट कधी हलवली होती का?

साळावली
हलवली नाही, असे लिहिणार होते. पण मग आठवले. पावसाळा संपल्यावर सायकल एका दुकानात सर्व्हिसिंगला दिली होती. तिथे ती स्टँडवर सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, धरून टांगली होती, आणि त्यासाठी सीटपोस्ट वर ओढलेली मी स्वतः पाहिली. त्याआधी मे महिन्यात मी नव्वद किलोमीटर काही न होता केले होते. आता मोजून पाहते.

साळावली
मोजले. पायाचे माप ७४ सेंटिमीटर, म्हणजे उंची साधारण ६५.३ यायला हवी. प्रत्यक्षात ६७.५ आहे. दोन सेंटिमीटरहून जास्त! शिवाय यजमानांनी मागून पाहिले तेव्हा सीटचे नाकही किंचित डावीकडे वळलेले होते. मला समोर बघत चालवताना ते कधी जाणवलेच नाही. तीन रविवार मी क्रीमच्या नावाने बोटे मोडत होते.

खाजन
सीटची उंची उतरवाल तेव्हा तिची पातळीही पाहा. नाक वर असेल तर मधल्या भागावर भार येतो, खाली असेल तर माणूस पुढे घसरतो आणि तळहात दुखतात. गवंड्याची पाणसळ सीटवर ठेवली तरी पुरते. आणि ब्रेव्हे झाल्यावर, घाई नसताना, रुंदीचेही पाहा. जिन्याच्या पायरीवर खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा ठेवा, त्यावर बसून थोडे पुढे वाका, आणि जे दोन खळगे पडतील त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजा. सीट त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर रुंद हवी. स्त्रियांचे हे अंतर बहुधा जास्त असते, आणि सायकलबरोबर येणारी सीट तो विचार करून बसवलेली असतेच असे नाही.

पिवळा मडगार्ड
ताई, 'भाऊ' म्हटल्याबद्दल क्षमस्व. वडिलांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, गाडी गॅरेजमधून आली की आरसा, ब्रेक आणि सीट यांना हात लावल्याशिवाय ते पहिले भाडे घेत नसत.

साळावली
त्यांना माझा नमस्कार सांगा. सहा दिवस सायकलला हात लावला नाही, झिंक ऑक्साइड लावले, कातडी भरून आली आहे. सीट ६५.५ वर आणली, नाक सरळ केले, आणि आज मडगाव ते काणकोणची चावडी व परत, पंचाहत्तरच्या आसपास, नुसत्या पॅडच्या चड्डीवर केले. करमल चढताना मी सीटच्या नाकाकडे सरकते, हेही आज पहिल्यांदा लक्षात आले. तिथे मुद्दाम मागे बसले. उजवीकडे किंचित लाली आहे, पण अंघोळीचे पाणी झोंबले नाही. ऐंशीचा टप्पा अजून ओलांडलेला नाही, ही धाकधूक आहे. उरलेल्या आठवड्यात आणखी एक लांब राईड करू की विश्रांती घेऊ?

आबोली
लाली पूर्ण जाईपर्यंत विश्रांती. तीस-चाळीसहून जास्त नको.

दोनशे-तीनशे-चारशे
आबोलीताईंशी सहमत. ब्रेव्हेच्या दिवशी दर दहा-पंधरा मिनिटांनी वीसेक सेकंद पेडलवर उभ्या राहा, उतारावर तर नक्कीच, म्हणजे दाबलेल्या जागी रक्त फिरते. पिशवीत दुसरी धुतलेली चड्डी आणि क्रीमची छोटी डबी ठेवा आणि शंभर किलोमीटरच्या आसपासच्या थांब्यावर बदला. त्यात दहा मिनिटे जातील. साडेतेरा तासांत तेवढी सहज बसतात. घामाचे मीठ वाळून पॅड खरखरीत झालेला असतो, त्यामुळे जुन्यावरच क्रीम थापून पुढे जाऊ नका. आणि सीटपोस्ट फ्रेममध्ये जिथे शिरते तिथे आजच काळी टेप गुंडाळा, म्हणजे सीट परत हलली तर लगेच कळेल.

साळावली
टेप लावली. दुसरी चड्डी उद्या आणते.