बागेच्या बांधासाठी गोदामाचे जुने गर्डर: जमिनीलगतच्या गंजावर उपाय हवा आहे

राजापूर तालुक्यातील आमच्या घरामागच्या उताराची माती दर पावसाळ्यात परसात उतरते, म्हणून तेथे १.२ मीटर उंचीचा बांध घालून त्याच्या वरच्या अंगास भाजीसाठी सपाट जागा काढण्याचा विचार आहे. जांभ्याचा रचलेला गडगा हा इकडचा रूढ मार्ग. परंतु एवढ्या उंचीला त्याचा पाया चांगलाच रुंद घ्यावा लागतो आणि तेवढी जागा आमच्याकडे नाही. त्यामुळे १०० मिमीचे, इंग्रजी I च्या आकाराचे जुने गर्डर काँक्रीटमध्ये उभे रोवून त्यांच्या खाचांत आरसीसीच्या तयार फळ्या सरकवण्याचे ठरत आले आहे. पाडलेल्या एका गोदामाचे असे गर्डर भंगाराच्या भावात मिळत आहेत. (त्याच विक्रेत्याने रेल्वेचे रूळही दाखवले, परंतु रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा १९६६ च्या कायद्याने गुन्हा ठरतो, तेव्हा कागदपत्रांविना ते घेण्याचा प्रश्नच नव्हता.)

खांबांच्या ताकदीची मला फारशी चिंता वाटत नाही. मातीचे वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन आणि घर्षणकोन (साधारणपणे ज्या उतारापर्यंत माती न घसरता टिकते तो कोन) ३० अंश धरल्यास भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ४.३ किलोन्यूटन आडवा दाब येतो, आणि खांब १.२ मीटर अंतरावर ठेवले तर तो या गर्डरांना सहज पेलतो. मात्र मागे पाणी वरपर्यंत तुंबले की हाच दाब दुपटीच्या वर जातो. आमच्याकडचा पाऊस पाहता फळ्यांमागे खडीचा थर, खडीत माती शिरू नये म्हणून जिओटेक्स्टाइल कापड आणि तळाशी भोकांचा पाइप एवढे तर करणारच आहे.

खरी अडचण गंजाची आहे. काँक्रीटमधील लोखंड त्यातील अल्कलीमुळे बऱ्यापैकी सुरक्षित राहते, पण खांब काँक्रीटमधून जेथे बाहेर पडतो तेथे त्याला ओल आणि हवा दोन्ही मिळतात, आणि दुर्दैवाने खांबावरचा वाकवणारा ताणही नेमका तेथेच सर्वाधिक असतो. गर्डरच्या मधल्या पत्र्याची जाडी गंज खरवडून मोजली असता चार मिमीहून थोडीच अधिक भरली, म्हणजे झिजायला फार वाव नाही. गंज पूर्ण काढून जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर डांबरी रंग द्यावा, तसेच काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर उचलून बाहेरच्या बाजूस उतरता करावा, असे मी योजले आहे. खाऱ्या हवेत एवढे पुरेसे ठरते का, की मुळातच अधिक जाड गर्डर शोधावेत?

दुसरा प्रश्न खोलीचा आहे. बांधाच्या उंचीइतकाच खांब जमिनीत असावा असा माझा अंदाज होता. परंतु पहारीने चाचपल्यावर साधारण ६० सेमीवर कातळ लागतो. जांभ्याच्या कठीण थराखाली पुष्कळदा मऊ माती असते, त्यामुळे कातळ लागला एवढ्यावर थांबण्यास मन धजत नाही. अशा जमिनीत ज्यांनी खांब रोवले आहेत त्यांनी कातळात किती खोल भोक पाडले, आणि त्यासाठी ब्रेकर पुरला की ड्रिलिंगचे यंत्र आणावे लागले, हे कृपया कळवावे.