कन्स्ट्रेंट : बंधन, निर्बंध की मर्यादा?

प्रश्न : कॅडमधील (संगणकावर आराखडे करण्याच्या सॉफ्टवेअरमधील) यंत्ररचनेवरची एक पुस्तिका मी पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत आणत आहे. चार दांड्यांच्या साखळीचे चारही सांधे बिजागरीचे दिले, की सॉफ्टवेअर 'रिडंडंट कन्स्ट्रेंट' असा इशारा देते. भागाची हालचाल रोखणारी अट म्हणजे कन्स्ट्रेंट. मी त्याचे 'अनावश्यक निर्बंध' केले, आणि ते वाचून एका विद्यार्थ्याने एक सांधाच पुसून टाकला. दांडी मोकळी सुटली आणि ठरलेली गती नाहीशी झाली. दोष माझ्या शब्दाचा आहे. आपण कोणता शब्द वापराल?

प्रतिसाद १ : 'निर्बंध' लादले जातात आणि उठवले जातात, तो शासनव्यवहाराचा शब्द आहे. येथे 'बंधन' हवे. अवकाशातील सुट्या भागाला गतीच्या सहा मुक्तता (तीन दिशांना सरकणे आणि तीन आसांभोवती फिरणे) असतात, त्यांतील पाच बिजागरी काढून घेते आणि एक राखते. 'बंध' याच मुळाचा 'बंधारा' आहे, आणि धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठी चालत आलेल्या फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत बंधारा पाणी नुसते अडवत नाही, तर पाटाला लावतो. यंत्रातील बंधनाचे कामही हेच असते.

प्रतिसाद २ : माझ्या मते 'मर्यादा' अधिक सोपा आहे, सर्वांना कळतो.

प्रतिसाद ३ : सोपा असला तरी येथे तो चुकीचा ठरेल. लहानपणी आमच्या खळ्यावर मळणीचे बैल तिवड्याला, म्हणजे मधल्या खांबाला, दोरीने बांधलेले असत. दोरी ताणली असेल तोवर बैल वर्तुळात फिरे, पण ढिली पडली की तो आत सरकू शके, ही मर्यादा. घाण्याचा बैल ताठ लाकडाला जुंपलेला असतो, त्याला आतही येता येत नाही आणि बाहेरही जाता येत नाही, हे बंधन. कॅडमध्येही बिजागरी देणे आणि ती ९० अंशांवर थांबवणे या दोन वेगळ्या आज्ञा असतात. दोन्हींना एकच शब्द दिला तर विद्यार्थी गोंधळतील.

प्रतिसाद ४ : मी बावीस वर्षे डिझाइन विभागात आहे. आमच्याकडे भाग 'फ्री' असतो किंवा 'लॉक' होतो, आणि उद्या नोकरीच्या मुलाखतीत 'बंधन' कोणी विचारणार नाही. 'कन्स्ट्रेंट' देवनागरीत तसाच ठेवावा. सांध्यांची नावे मात्र मराठीच हवीत, कारण बिजागरीचा, उखळीचा आणि सरकता सांधा हे शब्द मुलांनी शाळेच्या विज्ञानात हाडांसाठी शिकलेले असतात.

प्रतिसाद ५ : नोकरीची भाषा आणि समजून घेण्याची भाषा एकच असली पाहिजे, हे मला मान्य नाही. शिवाय 'सरकता सांधा' जसाच्या तसा घेता येणार नाही. मनगटातील हाडे एकमेकांवर निरनिराळ्या दिशांना घसरतात, तर टेबलाचा खण एकाच रेषेत पुढेमागे होतो. 'सांधा' शब्दाबद्दलही मला शंका आहे. सम् आणि धा यांपासून 'संधी' झाला, त्याचा अर्थ एकत्र ठेवणे. फुटलेले भांडे आपण सांधतो तेव्हा त्याचे तुकडे हलू नयेत, हीच अपेक्षा असते.

प्रश्नकर्ता : आकडेमोड केल्यावर माझी चूक अधिक स्पष्ट झाली. एक दांडी स्थिर धरली तर उरलेल्या तिघींच्या मुक्तता १८ होतात आणि चार बिजागऱ्या २० काढून घेतात, म्हणजे हिशेब उणे दोन येतो. तरीही साखळी एका मुक्ततेने फिरते, कारण चारही आस समांतर आहेत आणि तीन बंधने आधीच सांगितलेले पुन्हा सांगतात. म्हणून सांधा पुसायचा नसतो, सैल करायचा असतो : एक बिजागरी फिरता-सरकता सांधा केली (तो चारच मुक्तता काढतो) आणि दुसरी उखळीचा (तो तीनच काढतो), की २० ऐवजी १७ मुक्तता जातात आणि नेमकी एक उरते. त्यामुळे मला आता 'पुनरुक्त बंधन' सुचते.

प्रतिसाद ४ : 'पुनरुक्त' वाचून मुलांना व्याकरणाचा तास आठवेल. 'दुबार बंधन' म्हणावे. दुबार नाव, दुबार पेरणी सर्वांना ठाऊक आहे.

प्रतिसाद ३ : दुबार पेरणी पहिली वाया गेल्यावर करतात, येथे पहिले बंधन शाबूत असते.

प्रतिसाद ५ : खणाच्या सांध्याचे काय ठरले? आमचे सुतार खण ज्यातून सरकतो त्या वाटेला 'खाच' म्हणत, पण खाच म्हणजे जागा झाली, सांधा नव्हे. कोणाच्या गावी याला वेगळा शब्द आहे का?