व्हिक्टोरियन लंडनमधील लाकडी रस्ते

चौकस:
एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये वर्दळीचे कित्येक रस्ते लाकडी ठोकळ्यांनी बांधलेले होते, असे वाचनात आले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचा ग्रॅनाइट समुद्रमार्गे मिळत असताना त्या पावसाळी शहरात कुजणारे लाकूड का वापरले असावे?

पांथस्थ:
मुख्य कारण आवाज. लोखंडी धावा बसवलेली चाके आणि नाल ठोकलेले खूर यांचा दगडावर एवढा खडखडाट होई की, घरात कोणी गंभीर आजारी असल्यास दारासमोरच्या रस्त्यावर पेंढा पसरत असत. दुसरे कारण घोड्यांचे घसरणे. सिटी ऑफ लंडन या शहराच्या जुन्या मध्यवर्ती व्यापारी भागाचे अभियंता विल्यम हेवुड यांनी १८७०च्या दशकात केलेल्या निरीक्षणांनुसार ग्रॅनाइटवर सरासरी १३२ मैलांमागे, अस्फाल्टवर १९१ मैलांमागे, तर लाकडावर ३०० हून अधिक मैलांमागे घोडा एकदा पडत असे. भरगर्दीत एक घोडा पडला की मागची सगळी वाहतूक खोळंबत असल्यामुळे या आकड्यांना फार महत्त्व होते.

शिल्परेखा:
तरीही लाकडाची बाजू एवढी निर्दोष नव्हती. १८३९च्या सुमारास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर झालेले प्रयोग फसले. माझ्या मते त्यात लाकडापेक्षा कच्च्या पायाचा दोष अधिक होता. १८७०नंतर खाली काँक्रीटचा थर घालून, क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून वापरले जाणारे डांबरी तेल) मुरवलेले आयताकृती ठोकळे तंतू उभे राहतील असे बसवू लागले, तेव्हा रस्ते टिकले. पाण्याने लाकूड फुगून कडेचे दगड सरकू नयेत म्हणून काठाला फट ठेवावी लागे. घोड्यांचे मूत्र लाकडात मुरून उन्हाळ्यात येणाऱ्या दुर्गंधीवर मात्र खात्रीचा उपाय कधीच सापडला नाही. पुढे ऑस्ट्रेलियातील जारा आणि कारी ही कठीण लाकडे आणवली, ती पाणी कमी शोषत म्हणूनच.

चौकस:
धन्यवाद. थ्रेडनीडल स्ट्रीटवर १८६९ मध्येच अस्फाल्ट आले होते. मग सगळीकडे तेच का घातले नाही?

पांथस्थ:
अस्फाल्ट धुण्यास सोपे आणि पुष्कळच शांत होते, म्हणून सिटीत ते पसरलेही. परंतु रिमझिम पावसात शेणमातीचा पातळ राप बसला की ते निसरडे होई, आणि चढावर भरल्या गाडीच्या घोड्याला पाय रोवता येत नसे. गोद्यांकडील अवजड गाड्यांसाठी ग्रॅनाइटच राहिला. विसाव्या शतकात मोटारी आल्या, घोडे गेले आणि लाकडाचा मोठा फायदाच संपला. उखडलेले डांबरट ठोकळे लोक चुलीत जाळत. चेकर स्ट्रीटवर त्यांचा एक तुकडा अजून शिल्लक आहे.