मदत हवी आहे: डच हेरिंग सॅलड, मासा विरघळतोय, ३१ तारखेच्या आत सांगा

सई_लायडन (२८ डिसेंबर, संध्याकाळी ७:४०)
प्लीज लवकर उत्तर द्या. ३१ला रात्री हेरिंगचं सॅलड करायचंय, इथलं जुनं, बीट-बटाट्याचं. आज मासा व्हिनेगरमध्ये घातला आणि तासाभरात त्याचा लगदा झाला. चमच्याने उचलायला गेले तर तुकडा हातात येत नाही, पापुद्रे सुटतात. मांस पांढरं पडलंय आणि वर तेलाचा तवंग आलाय. सहा मासे वाया गेले. नेटवरच्या रेसिपींच्या लिंक देऊ नका, सगळ्या बघून झाल्या. काय चुकलं तेवढं सांगा.

मिंटी (७:५२)
मासा ताजा होता का?

सई_लायडन (७:५५)
हो, दुकानातून आजच आणला.

गुहागरकर (८:०३)
आजच आणला म्हणजे आजच पकडला असं नाही. गल्फड्याला लाली होती का, डोळे वर होते का? आमच्याकडे दाबून बघितल्याशिवाय कोणी मासा घेत नाही.

सई_लायडन (८:०६)
डोके नसतं हो त्याला. इथे साफ करूनच मिळतो, फक्त शेपटी ठेवतात.

रॉटरडॅमचा_राजू (८:१५)
थांबा. डोकं नाही, शेपटी आहे, दोन्ही बाजूंचं मांस शेपटीशी जोडलेलं. म्हणजे तू हॉलंड्से निउवे आणलीस का? हातगाडीवर कांदा घालून देतात ती? की बरणीतली झुरे हारिंग? की मिठातली? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आणि व्हिनेगर कुठला, किती, गरम की गार?

सई_लायडन (८:१९)
हेरिंग म्हटलंय की वर. हो, तीच, कांद्याबरोबर देतात ती. बरणीतली आंबट असती तर मी व्हिनेगर कशाला केला असता? पांढरा व्हिनेगर, साखर, तमालपत्र, मिरी उकळून ओतला.

भाऊकाका (८:२१)
बाटलीवर नीट वाचलं का? तिकडे सफाईचा व्हिनेगर वेगळा विकतात, स्खोनमाकआझाइन. तो जास्त तीव्र असतो, खायचा नसतो. माझा मुलगा तिकडे नवीन गेला तेव्हा त्याने त्यात कांदे घातले होते.

सई_लायडन (८:२४)
काका, नातुरआझाइन आहे, खायचाच.

मिंटी (८:२६)
उकळून ओतला? उकळताच?

सई_लायडन (८:२७)
हो. साखर विरघळायला उकळावा लागतोच ना.

रॉटरडॅमचा_राजू (८:४१)
सापडलं. दोन चुका आहेत, आणि मासा बिचारा चांगला होता.

पहिली म्हणजे गरम व्हिनेगर. कैरीच्या लोणच्यावर तू फोडणी गार करून घालतेस ना? तसंच हे. उकळता ओतलास तर मासा मुरत नाही, शिजतो. मांस पांढरं पडणं, पापुद्रे सुटणं ही शिजल्याची खूण आहे. व्हिनेगर उकळ, साखर विरघळव, मग पातेलं पूर्ण गार होऊ दे, बोट घातल्यावर थंड लागलं पाहिजे.

दुसरी, मासाच मुळात मुरवायचा नव्हता. हॉलंड्से निउवे हे नाव लावायला माशात निदान १६ टक्के चरबी लागते. वर तवंग आला तो हाच. त्यात मीठ अगदी हलकं असतं आणि साफ करताना स्वादुपिंड मुद्दाम आत ठेवतात. त्याच्या पाचकरसाने मांस मुरून लोण्यासारखं होतं. म्हणजे तुझ्याकडे आला तेव्हाच तो मऊ होता. तो आणायचा आणि त्याच दिवशी खायचा. व्हिनेगरसाठी घट्ट, भरपूर मीठ लावलेली हेरिंग लागते. तिला पाण्यात ठेवून खारटपणा उतरवायचा आणि मग गार व्हिनेगरमध्ये घालायची.

तारामती_वि (८:४६)
मी शाकाहारी आहे पण एक सुचवते. बीट, बटाटा, सफरचंद, दाण्याचं कूट आणि दही, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. कोणालाही माशाची आठवण होणार नाही.

गुहागरकर (८:५०)
ताई, त्यांना मासाच हवाय. सई, तिकडे बांगडा मिळतो ना? तो घे. मीठ-हळद लावून रात्रभर ठेव, दुसऱ्या दिवशी व्हिनेगर. मांस घट्ट असतं, अजिबात फुटत नाही. आमच्या आजीचा खारातला बांगडा पावसाळाभर टिकायचा.

रॉटरडॅमचा_राजू (८:५८)
गुहागरकर, खारवलेला बांगडा मलाही प्रिय आहे, पण तो इथे बसत नाही. बांगडा हा टुनाच्या कुळातला, हेरिंग तारलीच्या गणातली. चरबीची चव निराळी आणि काटाही निराळा. कोकणात कोणाला हे सॅलड करायचं असेल तर तारली घ्या, बांगडा नको. पाला मिळाला तर तोही याच गणातला, पण त्याचे काटे काढता काढता रात्र होईल.

गुहागरकर (९:०५)
तारली व्हिनेगरमध्ये टिकेल? सालीसकट सुटेल. मी लहानपणापासून मासे हाताळतोय, तारलीचा भरवसा नाही. बांगडाच.

भाऊकाका (९:०९)
कच्चा मासा व्हिनेगरमध्ये घालून खाणं धोक्याचं आहे. कृमी असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका.

रॉटरडॅमचा_राजू (९:२०)
काका, धोका खरा आहे. हेरिंगमध्ये ॲनिसाकिस नावाची कृमी असते आणि व्हिनेगरने ती खात्रीने मरत नाही. म्हणूनच नेदरलँड्समध्ये १९६८ पासून हेरिंग गोठवणं सक्तीचं आहे. उणे २० अंशाला निदान २४ तास. दुकानातली किंवा गाडीवरची यातून गेलेली असते, म्हणून ती बिनधास्त खा. पण कोणी बोटीवरून ताजी आणून घरी मुरवणार असेल तर आधी गोठवायची. घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो, म्हणून २४ तासांवर न थांबता आठवडाभर ठेवा. गुहागरकर, तुमच्या कच्च्या बांगड्यालाही हाच नियम.

मिंटी (९:२४)
सई, बरणीतली झुरे हारिंग का आणत नाहीस? सुपरमार्केटात मिळते. पाणी निथळलं की झालं. एवढा खटाटोप कशाला?

सई_लायडन (९:४५)
हे आधी लिहायला हवं होतं. आमच्या शेजारच्या आजी, वय ८४, गेली चार वर्षं दर ३१ला संध्याकाळी या सॅलडचा काचेचा वाडगा घेऊन आमच्या दाराशी येतात. वर अंड्याच्या चकत्या आणि पार्सली. महिन्यापूर्वी त्यांचं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये आहे. मी म्हटलं, यंदा मी करते. त्यांनी ओट्याशी बसून सगळं सांगितलं, पण ‘थोडं’, ‘बेताचं’, ‘हाताला कळेल इतकं’ असं. बरणीतल्या हेरिंगचं नाव काढलं की नाक मुरडतात, ती गोड लागते म्हणतात. त्या स्वतः मुरवतात. मासा कुठला हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, हेरिंग म्हणजे हेरिंग असं वाटलं.

तारामती_वि (९:५०)
किती छान करताय तुम्ही. मग मासाच घाला.

रॉटरडॅमचा_राजू (१०:०८)
आता नीट कळलं. वेळ आहे. उद्या सकाळी पोलिश दुकानात जा, तिथे मिठातली हेरिंग मिळते, खाऱ्या पाण्यातली किंवा नुसत्या मिठातली. तेलातली घेऊ नकोस. ४०० ग्रॅम फिले पुरे, आठ जणांना होईल.

उद्या दिवसभर गार पाण्यात ठेव, फ्रिजमध्ये, दोन-तीनदा पाणी बदल. दर वेळी एक बारीक तुकडा चाखून बघ. खारट पण खाता येण्यासारखं झालं की बास. सगळं मीठ काढलंस तर मासा पुन्हा मऊ पडेल. रात्री व्हिनेगर एक वाटी, पाणी अर्धी वाटी, साखर पाव वाटी, मिरी, मोहरी, तमालपत्र, एक कांदा चकत्या करून. उकळ, गार कर, पूर्ण गार, मग ओत. ३१च्या दुपारपर्यंत दीड दिवस मिळतो, तेवढ्यात छान मुरते. आजींना गोड आवडत नसेल तर साखर आणखी कमी.

दुर्गेश_पुणे (१०:११)
मेयोनेझऐवजी चक्का चालेल का? घरी करतो मी सगळ्यात.

मिंटी (१०:१४)
आजींच्या वाडग्यात चक्का नको.

दुर्गेश_पुणे (१०:१६)
का नको? आंबटपणा येतो, तेल कमी जातं. मेयोनेझ जड पडतं.

मिंटी (१०:१९)
तिथे आंबट आधीच भरपूर आहे, मासा, काकडीचं लोणचं, सफरचंद. मेयोनेझची चरबी त्याला बांधून ठेवते. चक्का घातलात तर रात्रभरात पाणी सुटेल.

सई_लायडन (१०:२२)
पाण्यावरून आठवलं, गेल्या आठवड्यात एकदा नुसत्या भाज्यांचा सराव केला तर खाली गुलाबी पाण्याचं तळं. तेही सांगा.

रॉटरडॅमचा_राजू (१०:३५)
बटाटा कुठला? पिशवीवर फास्टकोकेंड लिहिलेला घे, तो उकडून फुटत नाही. क्रुइमिख घेतलास तर पीठ होतं. सालासकट उकड, गार झाल्यावर काप. औखर्क, म्हणजे इथल्या बरणीतल्या लोणच्याच्या छोट्या काकड्या, आणि सफरचंद बारीक कापून टिपकागदावर पसर, निथळू दे. सफरचंद आंबट हवं, खाउडरेनेट मिळालं तर तेच. बीट सगळ्यात शेवटी, वाढायच्या तासभर आधी, हलक्या हाताने. मेयोनेझही तेव्हाच. प्रमाण: बटाटा अर्धा किलो, बीट ४०० ग्रॅम, सफरचंदं दोन, औखर्क सहा, कांदा एक लहान, अंडी तीन.

लिमयेकाकू (१०:५०)
विषयांतर करते, पण लायडनमध्ये राहतेस म्हणून. ३ ऑक्टोबरला तिथे हेरिंग आणि पांढरा पाव वाटतात ना? १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला, उपाशी लोकांना बंडखोरांनी जहाजांतून हेरिंग आणि पाव आणून दिला, त्याची आठवण. मी २०१६ साली मुलीकडे होते. वाखच्या, म्हणजे जुन्या वजनकाट्याच्या इमारतीच्या, दारात रांगेत उभी राहिले. पाव हातात आणि मासा कागदात. मला कच्चा मासा खाववेना, शेजारच्या माणसाला दिला. नंतर वाटलं, चाखायला हवा होता.

सई_लायडन (१०:५३)
हो काकू, अजूनही वाटतात. वाखसमोरच माझा सायकलचा रस्ता.

गुहागरकर (११:१०)
तारलीचं मी रविवारी करून बघतो. नाही फुटली तर इथे सांगेन.

सई_लायडन (३० डिसेंबर, सकाळी ९:१५)
पोलिश दुकानात मिळाली. पिवळसर, घट्ट, बोटाने दाबलं तरी खड्डा पडत नाही. काल दिवसभर पाण्यात ठेवली, तीनदा पाणी बदललं, रात्री साडेनऊला गार व्हिनेगर ओतला. आज सकाळी एक तुकडा काढला. फुटला नाही, सुरीला नीट कापला गेला.

रॉटरडॅमचा_राजू (९:२२)
शाब्बास. आता हात लावू नकोस.

सई_लायडन (३१ डिसेंबर, रात्री ८:०५)
वाडगा घेऊन मी त्यांच्या दाराशी गेले. आजींनी डाव्या हाताने चमचा धरून एक घास घेतला. मग मला परत स्वयंपाकघरात पाठवलं आणि औखर्कच्या बरणीतलं पाणी दोन चमचे घालायला सांगितलं. ते कालवल्यावर दुसरा घास घेतला आणि म्हणाल्या, आता बरोबर. मिरीचा एक अख्खा दाणा त्यांच्या दाताखाली आला, तो ताटलीच्या कडेला काढून ठेवला. पुढच्या वेळी मी व्हिनेगर गाळून घेईन.

सगळ्यांचे आभार. राजू, तुझे विशेष.

तारामती_वि (८:३०)
बीट किती वेळ उकडलंत? माझं नेहमी आतून कच्चं राहतं.

सई_लायडन (८:४१)
उकडलेलंच आणलं हो, इथे पाकिटात मिळतं.