दिल्ली मंगोलांपासून वाचवली कोणी: सुलतानाने, सैनिकाने की धान्याच्या कोठारांनी?

वाटसरू (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक मजकूर फिरत आला: अल्लाउद्दीन खिलजी नसता तर मंगोलांनी हिंदुस्थानचा बगदाद केला असता, म्हणजे बगदादसारखा विध्वंस केला असता. त्याखाली दोन काकांची जुंपली. एक म्हणाले, शंभर टक्के खरं. दुसरे म्हणाले, त्या क्रूरकर्म्याचं नावसुद्धा काढू नका. मला दोघांचंही पटलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

घडलं ते थोडक्यात असं. मध्य आशियात चगताई मंगोलांचा (चंगीझखानाच्या एका मुलाच्या शाखेचा) दुवाखान राज्य करत होता. १२९९ मध्ये त्याचा मुलगा कुतलुघ ख्वाजा वाटेतली गावं फारशी न लुटता थेट दिल्लीवर चालून आला. दिल्लीबाहेर किलीला लढाई झाली, तीत सुलतानाचा सरदार जफरखान पडला. १३०३ मध्ये मंगोल सरदार तरघी आला तेव्हा तर सुलतान पुरता कोंडीत सापडला. तो चितोडहून नुकताच परतलेला, पावसाने फौजेच्या सामानाची दैना झालेली, दुसरी फौज वरंगळच्या स्वारीवरून हात हलवत आलेली. तो दिल्लीजवळ सिरीला छावणी करून बसला. भोवती खंदक खणला आणि घरांची दारं काढून त्या फळ्यांची भिंत उभारली, असं चौदाव्या शतकातला इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो. राजधानीतल्या लोकांच्या घरांची दारं! तरघीने यमुनेचे उतार (नदी ओलांडायच्या जागा) अडवले. धान्याचे तांडे शहरात येईनात, पाण्याची आणि सरपणाचीही टंचाई झाली. दोनेक महिन्यांनी मंगोल आपणहून निघून गेले.

माझं म्हणणं असं की दिल्ली पुढे टिकली ती या धड्यामुळे. जुने किल्ले दुरुस्त झाले, सरहद्दीवर फौजा बसल्या, घोड्यांना डाग देणं सुरू झालं, सरकारी कोठारं भरली गेली. स्वाराचा पगार २३४ टंके ठरला आणि तेवढ्यात त्याचं भागावं म्हणून बाजारभाव बांधले. गहू मणाला साडेसात जितल (टंक्याहून लहान नाणं), जव चार. (तेव्हाचा मण आजच्या मणापेक्षा बराच लहान.) हे सगळं कोणाच्या जिवावर? गंगा-यमुनेच्या दोआबातल्या शेतकऱ्याच्या. निम्मं पीक सारा म्हणून जायचं, वर घरपट्टी आणि चराईपट्टी. आणि त्याआधी १२९६ मध्ये देवगिरीहून लुटून नेलेल्या सोन्याच्या. त्याच सोन्याची उधळण करत तो दिल्लीच्या तख्तापर्यंत पोचला होता. म्हणून "त्याने वाचवलं" हे वाक्य मला खुपतं. ज्यांच्या ताटातलं काढून फौज पोसली त्यांचं नाव कुठेच येत नाही.

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. देवगिरीच्या वेढ्यात रामदेवरायाच्या लोकांनी धान्याची म्हणून गडावर चढवलेली पोती मिठाची निघाली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. रिकाम्या कोठाराने गड कसा पडतो हे अल्लाउद्दीनने आपल्या महाराष्ट्राच्याच भूमीवर पाहिलं होतं. सात वर्षांनी तो स्वतः वेढ्यात बसला तेव्हा त्याला ते आठवलं असेल, असं मला वाटतं.

बुरूज

असहमत, आणि जोरात असहमत.

पैसा आणि धान्य असलं की शहर वाचतं, हे कोणी सांगितलं? मजकुरात बगदादचं नाव आहे, तर तिथलंच बघा. १२५८ साली खलिफा मुस्तासिमकडे काय कमी होतं? पाचशे वर्षांची खिलाफत, भरलेला खजिना, टायग्रिससारखी नदी. मंगोल हुलागूचा वेढा पुरते दोन आठवडेही चालला नाही. खलिफाने धड तयारीही केली नाही आणि धड तहही केला नाही. मंगोलांपुढे पडलेल्या शहरांची यादी करा, त्यांतली बहुतेक श्रीमंत होती. समरकंद, बुखारा, मर्व, निशापूर.

याउलट १२९९ मध्ये कोतवाल अलाउल्मुल्कने (हा बरनीचा चुलता) सुलतानाला सल्ला दिला की मैदानात उतरू नका, वेळ काढा, त्यांचा दाणागोटा संपला की ते आपोआप हलतील. सल्ला शहाणपणाचा होता. तरी सुलतान म्हणाला की मी असा दडून बसलो तर कोणाला तोंड दाखवू, आणि किलीला गेला. कोणी याला हट्ट म्हणेल. मी म्हणेन की राजाने करायचं ते त्याने केलं. शेतकऱ्यावर अन्याय झाला हे मान्य, पण तो वेगळा प्रश्न आहे. दोन्हींची सरमिसळ करू नका.

कुरण

तुम्ही दोघंही दिल्लीत बसून बघताय. जरा दुवाखानाच्या बाजूने बघा.

मंगोल स्वाराबरोबर एक घोडा नसतो, चार-पाच असतात. वीस हजार स्वार धरले तर लाखभर घोडी झाली. त्यांना रोज चारा-पाणी हवं. पंजाब ओलांडून आल्यावर दिल्लीच्या आसपास इतकं कुरण होतं कुठे? सीरियातही हेच झालं. १२६० मध्ये हुलागू बहुतेक फौज घेऊन मागे फिरला आणि मागे राहिलेला त्याचा सरदार कितबुका याला इजिप्तच्या ममलुकांनी ऐन जालूतला गाठून मारलं. पुढे हुलागूने फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्रात माघारीचं कारण दिलं तेही चारा संपल्याचं.

दुसरं, चगताईंचं घर फुटलेलं होतं. १३०१ मध्ये मध्य आशियातला बलाढ्य मंगोल खान कैदू मेला, मग त्याच्या मुलाशी दुवाचं वितुष्ट आलं, १३०७ मध्ये दुवाही गेला. ज्याच्या घरातच भांडण पेटलंय तो दिल्ली जिंकून राखणार कधी? हे लोक लुटीला येत होते. शिवाय उन्हाळा लागला की त्यांना परतणं भाग होतं.

बुरूज

उन्हाळ्याचं निदान १३०३ ला लागू पडत नाही. चितोड पडलं ऑगस्टमध्ये आणि तरघी आला त्यानंतर. म्हणजे वेढ्याचे दोन महिने पावसाळा सरतानाचे नि थंडीच्या तोंडचे. तेव्हा कोणाला उन्हाने पळवून लावलं?

घर फुटलं होतं म्हणता, तर १३०५ मध्ये अलीबेग आणि तरताक हे मंगोल सरदार हिमालयाच्या पायथ्याने थेट अमरोह्यापर्यंत आले कसे? १३०६ मध्ये पुन्हा आले कसे? आणि त्या दोन्ही फौजा निघून गेल्या नाहीत, मैदानात बुडवल्या गेल्या.

कुरण

१३०३ च्या उन्हाळ्याचा मुद्दा मागे घेतो. चाऱ्याचा घेत नाही. दोन महिने एका जागी लाखभर घोडी ठेवून बघा, थंडी असो की ऊन. अमरोह्याबद्दल मात्र तुमचं बरोबर.

खुलताबादकर

एवढी चर्चा झाली आणि जफरखान नुसता "पडला" म्हणून एका वाक्यात उरकला, याचं वाईट वाटलं.

किलीला त्याने समोरची मंगोल फळी मोडली आणि कोसच्या कोस पाठलाग केला. ते पळणं फसवं होतं. मागे तरघी दबा धरून होता. जफरखान मूठभर लोकांनिशी वेढला गेला आणि मागून कुमक आली नाही. बरनी तर म्हणतो की त्याच्या पराक्रमाचा सुलतानालाच धाक वाटत होता, त्याच्या मरणाचं त्याला दुःख झालं नाही. तोच बरनी सांगतो की पुढे मंगोलांचं घोडं पाणी प्यायला बिचकलं की ते विचारत, "काय रे, जफरखान दिसला का?" शत्रूने अशी आठवण ठेवली आणि स्वतःच्या राजाने नाही.

या लढाईची बरीच हकिकत कवी-इतिहासकार इसामीमुळे आपल्याला कळते. महंमद तुघलकाने दिल्ली दौलताबादला, म्हणजे देवगिरीला, हलवली तेव्हा तो पोरवयात आजोबांबरोबर निघाला. नव्वदीतले आजोबा वाटेतच गेले. इसामी आमच्या या डोंगराच्या पायथ्याशी वाढला आणि १३५० मध्ये इथेच त्याने आपला पद्य इतिहास पुरा केला. मी त्या गडावर शेकडो वेळा गेलोय. वर जाताना अंधारीतला (काळोख्या बोगद्यातला) चढ लागतो, हात भिंतीला लावूनच चालावं लागतं, दगड बारमाही गार. दिल्लीबाहेरच्या त्या मैदानात कोण कसं मेलं हे इथे, यादवांच्या गडाखाली बसून कोणीतरी लिहून ठेवलं, याने मला दर वेळी भरून येतं.

वाटसरू, मिठाच्या पोत्यांबद्दल एक सांगतो. ती गोष्ट इतिहासकार फिरिश्ता लिहितो, आणि तो तीनशे वर्षांनंतरचा. अहमदनगर, विजापूर असा दख्खनेतच वावरलेला माणूस, तेव्हा इथली दंतकथा त्याच्या कानावर आली असणार. तिच्यावर मोठी इमारत उभारू नका.

वाटसरू

खुलताबादकर, जफरखानाबद्दल चूक कबूल. मिठाबद्दलही तुमचं ऐकतो, तो भाग माझा तर्क होता.

बुरूज, बगदादचा दाखला मला खरंच अडवतो. भरलेलं कोठार स्वतः लढत नाही, हे मान्य. पण फौज उभी करणारा कोण, एवढंच विचारून थांबू नका. अमरोह्याला जे स्वार जिंकले त्यांच्या घोड्याचा चंदी-चारा कोणाच्या शेतातून आला, हेही विचारा. बरनी लिहितो की खोत-मुकादमांना घोड्यावर बसणं, चांगलं कापड नेसणं, पान खाणंही परवडेनासं झालं, त्यांच्या बायका मुसलमानांच्या घरी मोलमजुरीला जाऊ लागल्या. गावच्या मुखियांची ही गत, मग साध्या कुळाची काय असेल? आणि ही किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारलं नव्हतं. म्हणून माझं वाक्य एवढंच बदलतो: सुलतानाने लढवली, जफरखानासारख्यांनी प्राण दिले, आणि खर्च त्यांनी सोसला ज्यांची नावं बरनीलाही ठाऊक नव्हती.

बुरूज

हे वाक्य मला जवळजवळ चालेल. पण यात सरहद्द राहिली. सिरीच्या वेढ्यानंतर पंजाबातल्या दिपालपूरला गाझी मलिक बसला, हाच पुढचा घियासुद्दीन तुघलक. वर्षामागून वर्षं मंगोल त्याच्याच अंगावर यायचे. प्रवासी इब्न बतूताने मुलतानच्या मशिदीत त्याचा लेख पाहिला होता: तातारांशी (म्हणजे मंगोलांशी) २९ वेळा लढलो आणि त्यांना हरवलं, म्हणून मला मलिक गाझी म्हणतात. आकडा थोडा फुगवलेला धरा, निम्मा करा हवं तर. तरी चौदा वेळा कोणीतरी त्या वाटेवर उभं होतं.