मदत हवी आहे: गिटारचा आवाज हेडफोनवर झकास, पीएवर (हॉलच्या मोठ्या स्पीकरवर) मधमाश्यांचं मोहोळ

मंडळी, मॉडेलर (गिटार अँप आणि स्पीकरची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) वापरणाऱ्यांचा सल्ला हवाय. ब्रिजला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असलेली स्ट्रॅट गिटार, मॉडेलरमध्ये मार्शल प्लेक्सी अँप, पुढे 4x12 कॅबचा (12 इंची चार स्पीकरच्या पेटीचा) आयआर, म्हणजे माइकने टिपलेला त्या पेटीच्या आवाजाचा ठसा. घरी हेडफोनवर आवाज भरदार येतो. तोच पॅच (सेव्ह केलेली सेटिंग) हॉलच्या पीएवर लावला की वरची बाजू कानात टोचते, खालची गढूळ होते आणि ड्रम्स सुरू झाले की गिटार गायब!

हळू आवाजात कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण ते नको इतके वाढवून ठेवतो, हे पटलंय. आता पॅच मोठ्या आवाजात, बँडच्या रेकॉर्डिंगसोबतच बनवतो. गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) उतरवला, मिड (मधल्या फ्रिक्वेन्सी) चढवले. गिटार ऐकू येते, टोचणं मात्र तसंच.

गिटारचा 12 इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. मग आयआर असूनही वेगळा हाय कट (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचं कापणारा फिल्टर) लावता का? 6 ला की 8 ला? की माइक स्पीकरच्या कोनच्या (पडद्याच्या) कडेला ठेवून घेतलेला आयआरच निवडावा? लो कट 80 हर्ट्झला पुरतो, की बास गिटारला जागा म्हणून 120 पर्यंत जाता?

आणखी एक. ड्रमरकडे जुना कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) पडून आहे. त्याच्या इफेक्ट्स रिटर्नमध्ये (प्रीअँप टाळून थेट पॉवर अँपला जाणाऱ्या जॅकमध्ये) मॉडेलरमधला कॅब बंद ठेवून सिग्नल द्यायचा आणि पीएला कॅबसकट, असं कोणी करतं का?

‘खरा ट्यूब अँप घे’ सांगू नका, प्लीज. तिसरा मजला, लिफ्ट नाही.